उरःपट्टावरचा दाखला

पारनेर तालुक्यातल्या ओढ्याचा खेकडा नांग्या सांभाळून उताणा केला, तर छातीच्या उरःपट्टावर घडी घातलेले पोट दिसते. नराचे निमुळते, मादीचे रुंद. ही घडी अलगद उचलावी. नांगीसह मोजता तिसऱ्या पायजोडीच्या रेषेत, खुद्द उरःपट्टावर, मादीची दोन जननद्वारे असतात. खेकड्यांच्या वंशावळीचा अस्सल दस्तऐवज तो हाच! कारण खोल सागरातील होमोलासारख्या खेकड्यांच्या पुरातन कुळांत ही द्वारे पायांच्या मुळाशीच राहिली असून, शुक्रसंचयाच्या पिशव्या मात्र उरःपट्टाच्या सांध्यात निराळ्या असतात. आपली ओढ्यातली मादी पोटाच्या त्याच घडीखाली अंडी वागविते, आणि त्यांतून अळ्या नव्हेत, इवले खेकडेच बाहेर पडतात.