रिकाम्या रानाची वही
(जिल्हा बैठकीतील भाषण)



मृगाचं काम कुणाला शिकवावं लागत नाही. पाऊस पडला की तिफण बाहेर निघते. निंदण, डवरण, वेचणी, सगळं उभं पीकच आपल्याकडून करून घेतं. काम चुकतं ते रान रिकामं असताना, कारण तेव्हा आठवण द्यायला पीक नसतं. म्हणून घरात वर्षाच्या कामांची वही ठेवा, आणि तिचं पहिलं पान मृगाचं नको, पौषाचं ठेवा.

पौषात काय? पऱ्हाटी. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात शेंदरी बोंडअळीनं केलेला नाश आपण पाहिला. ही अळी आभाळातून पडत नाही. हिवाळ्यात ती झाडावरच्या किडक्या बोंडांत, सरकीत, बांधावर रचलेल्या पऱ्हाटीच्या ढिगात झोपून राहते. कापूस सोडून तिचं पोट भरेल असं पीक आपल्याकडे जवळपास नाही. पाच-सहा महिने शिवारात कापूसच नसला, की तिची साखळी तुटते. डिसेंबरअखेर शेवटचा वेचा, मग रानात शेळ्या-मेंढ्या, आणि संक्रांतीच्या आत पऱ्हाटी उपटून मोकळं व्हायचं. चुलीला लागते, ठाऊक आहे. पण ढीग पावसाळ्याच्या आत जाळून संपवा.

फरदड ठेवणारा मूर्ख नसतो. आणखी एखादा वेचा निघतो, भाव वाढेल ही आशा असते. त्याच्यापुरता हिशेब बरोबरच असतो. पण पतंगाला सातबारा वाचता येत नाही. एकाची फरदड शेजारच्या दहा जणांच्या पुढच्या हंगामावर उतरते. तेव्हा या पानावर एकट्याची नव्हे, गावानं मिळून ठरवलेली तारीख लिहा.

उन्हाळ्यात नांगरट, म्हणजे कोष उन्हात आणि पाखरांच्या तोंडी येतात. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ज्वारीचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, चार-पाच दिवसांनी मोजा. ७५ पेक्षा कमी उगवले तर बियाणं बदला. पेरताना काणीसाठी किलोला ४ ग्रॅम ३०० पोताचं गंधक चोळा. याहून स्वस्त औषध शेतीत मला माहीत नाही!

धूळपेरणीचा मोह नको. लवकर लावलेल्या कापसाची पाती-फुलं म्हणजे मातीतून निघालेल्या पहिल्या पतंगांना आयती पंगत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कापूस लावू नका. तालुक्याचा आकडा तुमच्या रानाचा नसतो; सरळ उभ्या काठाचा डबा उघड्यावर ठेवा, पट्टीनं मोजा, वहीत लिहा. खरिपाची ज्वारी जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या पुढे गेली, की खोडमाशी वाट पाहत असते. रब्बीची १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, म्हणजे उत्तरा-हस्तात.

कापूस ४५ दिवसांचा झाला की एकरी दोन कामगंध सापळे. सापळ्यात लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर फवारणीचा विचार, त्याआधी दुकानाची पायरी चढू नका. डोमकळी मात्र निंदणाऱ्या बायांना आधी दिसते. वही त्यांच्या हाताशी असू द्या.

वही भारी नको, लेकराच्या जुन्या वहीतली कोरी पानं पुरतात. कामासमोर मजुरी लिहा, घरच्या माणसांचे दिवसही लिहा. ते कुणी धरत नाही. पुढच्या बैठकीला येताना वही आणा. पऱ्हाटीची तारीख त्याच दिवशी गाववार ठरवू.