घरचा संगणक वारंवार बंद का पडतो?
(शिक्षण परिषदेतील भाषणाचा मजकूर)



शाळेची पुष्कळशी माहिती आज आपण रात्री घरच्या संगणकावर भरतो. यू-डायस प्लसची आकडेवारी असो की वार्षिक निकालपत्रके असोत, मध्येच यंत्र बंद पडले म्हणजे केवळ आपला खोळंबा होत नाही, तर मुलांच्या गुणांची नोंदच धोक्यात येते. दोन वर्षांपूर्वी एप्रिलअखेर निकालपत्रके तयार करीत असता माझा संगणक एका रात्रीत तीनदा बंद पडला. प्रत्येक वेळी मी तो पुन्हा सुरू केला. चौथ्यांदा तो सुरू झाला नाही आणि चाळीस मुलांचे गुण उत्तरपत्रिकांवरून पुन्हा उतरावे लागले. पेटी उघडली तेव्हा पंख्याभोवती धुळीचा जाड थर दिसला. अकस्मात बंद पडण्याच्या धक्क्यांनी हार्ड डिस्कही बिघडली होती. यंत्राने तीनदा दिलेली सूचना मी ऐकली नाही, हीच माझी चूक.

म्हणून पहिला नियम असा, की बिघाडाचे चिन्ह दिसताच दुरुस्तीच्या आधी महत्त्वाच्या माहितीची नक्कल पेन ड्राइव्हवर करावी व दुसरी नक्कल अन्यत्र ठेवावी.

त्यानंतर रोग ओळखावा. संगणक मंदावणे आणि तो बंद पडणे या दोन निरनिराळ्या तक्रारी होत. एका वहीत दिवस, वेळ, चालू असलेले काम आणि पडद्यावर उमटलेला संदेश लिहून ठेवावा. चारपाच नोंदी झाल्या म्हणजे कारण आपोआप पुढे येऊ लागते.

अर्ध्या तासाच्या कामानंतर यंत्र एकाएकी बंद होत असेल, तर प्रथम उष्णतेचा संशय घ्यावा. प्रोसेसर फार तापला म्हणजे स्वसंरक्षणार्थ आधी आपली गती कमी करतो व तरीही ताप वाढल्यास बंद होतो. आपल्या मालवण किनाऱ्यावर यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांहून वर गेली, की मीठ हवेतील पाणी शोषून विरघळू लागते. पावसाळ्यात तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मग धुळीतील मीठ ओलसर होऊन धातूला गंज चढवते व क्वचित विजेला भलतीच वाट करून देते. यास्तव वीजजोडणी काढून, पेटी अंगणाच्या बाजूला नेऊन, कोरड्या मऊ कुंचल्याने महिना दोन महिन्यांनी धूळ झाडावी. संगणक समुद्राकडील खिडकीपाशी अथवा भिंतीला चिकटून ठेवू नये.

दिवे मंद होताच संगणक बंद पडत असेल, तर दोष विजेच्या पुरवठ्यात, यूपीएसच्या जुन्या बॅटरीत किंवा आतील पॉवर सप्लायमध्ये शोधावा. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळानंतर आपल्याकडील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. अशा वेळी वीज येते-जाते, तो काळ यंत्राला घातक. वळवाचा गडगडाट सुरू होताच नुसते बटण बंद न करता प्लग व इंटरनेटची तारही काढावी. पॉवर सप्लायची पेटी मात्र आपण स्वतः कधीही उघडू नये. वीज तोडल्यावरही तिच्यात धोकादायक दाब राहू शकतो.

निळा पडदा येत असेल, तर त्यावरील संकेत वहीत उतरावा. रॅम नीट बसलेली नसणे हे एक नेहमीचे कारण आहे. प्लग काढून, आधी धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी व रॅमची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवावी.

यंत्र नुसतेच मंद असेल, तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर पाहावा. मेमरी भरलेली दिसल्यास अनावश्यक कार्यक्रम बंद करावेत. डिस्क सतत १०० टक्के दिसल्यास ती थकली असण्याचा संभव आहे. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्याने जुना संगणकही पुष्कळ चपळ होतो. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही ध्यानी असावे.

शेवटी एकच सांगतो. एका वेळी एकच बदल करावा आणि परिणाम पाहावा; सर्व उपाय एकदम केले तर गुण कशाने आला हे कळत नाही. निरीक्षण, नोंद आणि पडताळा ही शिस्त आपण विज्ञानाच्या तासाला मुलांना शिकवतोच. घरच्या यंत्रापुढे बसताना ती आपणही पाळावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.