नकलेचे पुण्य आणि नकलेचे पाप

इसवी सन 868 मध्ये चीनमध्ये छापलेली 'वज्रसूत्रा'ची एक प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेली आहे. मुद्रणाचा दिनांक नोंदलेल्या उपलब्ध संपूर्ण ग्रंथांत ती सर्वांत प्राचीन होय. वांग च्ये नामक गृहस्थाने आपल्या मातापित्यांप्रीत्यर्थ, सर्वांना विनामूल्य वाटण्याकरिता हा ग्रंथ करविला, असे तिच्या अखेरीस नमूद आहे. भारतातील जैन समाजातही पोथ्या उतरवून मुनींना वा ग्रंथभांडारांना अर्पण करणे हे शास्त्रदान मानले गेले. लेखनिकाला मोबदला मिळे. कर्त्याच्या अनुमतीचा प्रश्न सहसा उद्भवत नसे.

संगणकाने प्रत काढण्याचे श्रम जवळजवळ नाहीसे केले आणि श्रद्धावंतापुढे निराळाच पेच उभा राहिला. चोरीत मालकाची वस्तू जाते. येथे वस्तू जागच्या जागी राहते. जाते ती मालकाची संभाव्य मिळकत. चोरीविषयीच्या धर्माज्ञा तर धान्य, गुरे आणि नाणी डोळ्यांपुढे ठेवून सांगितलेल्या.

या पेचाची कसून छाननी इस्लामी विधिज्ञांनी केली. जुन्या हनफी मतानुसार 'माल' म्हणजे साठविता येण्याजोगी मूर्त वस्तू. मग ग्रंथकाराचा हक्क 'माल' कसा ठरावा? शिवाय ज्ञान दडविणे निषिद्धच. तथापि 1988 साली कुवेत येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने असा निर्णय दिला की, लेखन, शोध व व्यापारनाम यांवरील हक्कांना प्रचलित व्यवहारात आर्थिक मूल्य प्राप्त झालेले असल्यामुळे शरीअत त्यांचे रक्षण करते. निर्णयाचा आधार लोकव्यवहार हा आहे, ही गोष्ट मोठी लक्षणीय होय. दुसरी वाट कराराची. संगणकाच्या पडद्यावर 'मान्य आहे' असे कळविणारा मनुष्य वचन देतो, आणि करार पाळण्याची आज्ञा कुराणात स्पष्ट आहे. मात्र ज्याला पाठ्यपुस्तकाची किंमत परवडतच नाही, अशा विद्यार्थ्याचे समाधान या युक्तिवादाने कितपत होईल, याची शंकाच आहे.

स्वीडनमध्ये याच्या अगदी उलट टोक गाठले गेले. 'पायरेट बे' या संकेतस्थळाशी संबंधित चौघांना 2009 साली स्टॉकहोमच्या न्यायालयाने कारावास ठोठावला होता. पुढच्याच वर्षी इसाक गेर्सन या तत्त्वज्ञानाच्या तरुण विद्यार्थ्याच्या पुढाकाराने 'कोपिमी' पंथ स्थापन झाला. माहितीची नकल करणे हे त्याच्या मते पवित्र कर्म. 'कंट्रोल-सी' आणि 'कंट्रोल-व्ही' ही त्याची पवित्र चिन्हे. कोणी याला थट्टा म्हणेल, आणि थट्टेचा अंश त्यात असेलही. परंतु वांग च्येला ही श्रद्धा सर्वस्वी परकी वाटली नसती. पहिले अर्ज फेटाळले गेल्यानंतर जानेवारी 2012 मध्ये या पंथास शासनमान्य धर्मसंघ म्हणून नोंदणी मिळाल्याचे जाहीर झाले. त्या नोंदणीने देशाच्या स्वामित्वहक्क कायद्यातील एकही कलम मात्र बदलले नाही.