वतनं वाटणाऱ्याचं आज्ञापत्र



शिवराज्याभिषेक, शंभूराजांची हत्या, औरंगजेबाची दक्षिणेतली स्वारी हे सगळं तुम्ही जाणताच. १७४२ मध्ये नानासाहेब पेशवे गढा-मंडल्यावर चालून आले, तेही तुम्हा जबलपूरकरांना मी सांगायचं कारण नाही. त्याच्या एक पिढी आधी गेलेल्या माणसासाठी मी आज महाराजपुरात आलो आहे. रामचंद्रपंत अमात्य.

संताजी-धनाजींची नावं आपण घेतो, घ्यायलाच हवीत. पण त्यांच्या घोड्यांची चंदी कुठून यायची? १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीला गेले, रायगड पडला. मागे उरलेला मुलूख 'हुकूमतपन्हा' हा किताब देऊन पंतांच्या हवाली केलेला होता. राजा तमिळ मुलखात, पंत विशाळगडावर, तिजोरीत खडखडाट. तिकडे बादशहा देशमुखांना वतनाच्या सनदा देऊन फोडतोय. मग आपल्या बाजूनेही सनदा सुटू लागल्या. नाहीतर माणसं टिकत नव्हती.

आणि हेच पंत १७१५च्या सुमारास राज्यकारभारावरच्या आज्ञापत्रात लिहितात की वतनदार हे राज्याचे वाटेकरी. नव्या वृत्ती, नवी इनामं देऊ नका, मुलूख असा वाटत गेलं तर राज्यच उरणार नाही.

(श्रोत्यांतून चिठ्ठी येते.)

चिठ्ठी आली आहे : 'स्वतः वाटून झाल्यावर हा उपदेश का?' (हशा) हसा, पण माझं सगळं म्हणणं इथेच आहे. सनदेवर सही करताना काय हातचं जातंय, हे सही करणाऱ्यालाच कळतं. कोऱ्या हाताच्या शास्त्र्याने हे प्रकरण लिहिलं असतं, तर मी ते दोनदा वाचलं नसतं.

आता आरमाराचं प्रकरण घ्या. जहाजाला लाकूड हवं. सागवान राज्याच्या जंगलातून परवानगीने तोडा. आंबा-फणसही कामाचे, पण त्यांना हात लावू नका. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने न्या, जबरदस्ती नको. पंचवीस वर्षं सैन्यांनी तुडवलेल्या मुलखाचा कारभारी हे लिहितोय! लष्कर गावावरून जातं तेव्हा पहिली कुऱ्हाड कशावर पडते, ते त्याने पाहिलं होतं. त्याच सुमारास इंग्लंडात बोलिंगब्रोक हा पडलेल्या पक्षाचा उमराव फ्रान्सला पळाला आणि पुढे त्यानेही राजाने कसं असावं यावर लिहिलं. जरूर वाचा. फणसाच्या झाडाच्या धन्याची संमती मात्र त्यात सापडणार नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. पाच मिनिटं द्या, १७०७ राहिलंय.

शाहूराजे मोगलांच्या कैदेतून सुटून आले. खेडच्या लढाईत धनाजी त्यांना मिळाले, पुढे बाळाजी विश्वनाथांचा उदय झाला, सातारा मोठं झालं. पंत राजाराम महाराजांच्या राणी ताराबाईंकडे राहिले. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तापालट झाला आणि ताराबाईंच्या सवत राजसबाईंचे चिरंजीव संभाजीराजे गादीवर आले. आज्ञापत्र त्यांच्या कारकिर्दीतलं. १७१६ मध्ये पंत पन्हाळ्यावरच वारले. इतिहास साताऱ्यामागे गेला आणि पंत शालेय पुस्तकात दोन ओळींचे धनी झाले. हे मला मान्य नाही, कधीच होणार नाही. (टाळ्या)

टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांबद्दल, त्यांनी दिलेला इशारा राहिला. ते प्रकरण लहान आहे, आज घरी वाचा. बाळाजी विश्वनाथांचे चाहते माझ्याशी भांडायला थांबणार असतील, तर मी बाहेर व्हरांड्यात आहे.