पोलिसांच्या निवृत्तिवेतनातील वाढ : घोषणा आणि हातात पडणारी रक्कम

पोलीस शिपाई, हवालदार आणि त्यांच्या घरची माणसे यांच्याकडून येणाऱ्या पत्रांमध्ये अलीकडे एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो : निवृत्तिवेतन वाढल्याचे जाहीर झाले आहे, तर आता स्वेच्छानिवृत्ती घेण्यास हरकत आहे काय? बहुतेकांच्या बाबतीत हरकत आहे, आणि ती मोठी आहे. ती समजण्यासाठी संबंधित कर्मचारी कोणत्या योजनेत मोडतो हे आधी पाहावे लागते.

राज्य शासनाच्या सेवेत 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी रुजू झालेल्या पोलिसांना जुनी योजना लागू आहे. त्या तारखेपासून पुढे आलेल्यांसाठी परिभाषित अंशदान योजना सुरू झाली आणि ती नंतर राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत विलीन करण्यात आली. अंशदान म्हणजे दरमहा पगारातून कापला जाणारा हिस्सा. मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेवर कर्मचाऱ्याचे 10 टक्के आणि शासनाचे 14 टक्के जमा होतात, ही रक्कम बाजारात गुंतवली जाते आणि निवृत्तीच्या वेळी निधीतील किमान 40 टक्के रकमेची वार्षिकी, म्हणजे दरमहा ठरावीक पैसे देणारी विमा कंपनीची योजना, विकत घ्यावी लागते. हाती नेमके किती पडेल हे आधी सांगता येत नाही, या असंतोषातून मार्च 2023 मध्ये राज्यातील सरकारी कर्मचाऱ्यांचा संप झाला. पुढे 1 मार्च 2024 रोजी तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत सुधारित योजना जाहीर केली. शेवटच्या वेतनाच्या 50 टक्के निवृत्तिवेतन, त्यावर महागाई वाढ आणि निवृत्तिवेतनाच्या 60 टक्के कुटुंब निवृत्तिवेतन हा तिचा गाभा होय. केंद्राने 24 ऑगस्ट 2024 रोजी एकत्रित निवृत्तिवेतन योजना मंजूर केली, ती 1 एप्रिल 2025 पासून अमलात आली, आणि राज्य मंत्रिमंडळाने केंद्राच्या निर्णयापाठोपाठ दुसऱ्याच दिवशी तिला मान्यता दिली.

‘निम्मा पगार’ या शब्दांनी मात्र पुष्कळ घरांचे हिशेब चुकविले आहेत. केंद्राच्या योजनेत हे 50 टक्के हातात येणाऱ्या पगाराचे नसून शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाचे असतात. घरभाडे भत्ता, आहार भत्ता, धुलाई भत्ता यांपैकी काहीही त्यात धरले जात नाही. शिवाय पूर्ण लाभासाठी 25 वर्षांची अर्हताकारी सेवा, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी सेवा, आवश्यक असते. सरासरी मूळ वेतन 60,000 रुपये असेल तर 25 वर्षांनंतर 30,000 रुपये आणि 20 वर्षांनंतर त्याच प्रमाणात 24,000 रुपये मिळतात. किमान 10 वर्षे सेवा करून नियत वयोमानाने निवृत्त होणाऱ्यास दरमहा किमान 10,000 रुपयांची हमी आहे.

आता स्वेच्छानिवृत्ती. केंद्राच्या याच योजनेत 25 वर्षे पूर्ण करून स्वेच्छेने निवृत्त होणाऱ्याला निवृत्तिवेतन लगेच सुरू होत नाही. तो सेवेत राहिला असता ज्या दिवशी वयोमानाने निवृत्त झाला असता, त्या दिवसापासून ते सुरू होते. राज्य पोलिसांचे निवृत्तीचे वय 58 वर्षे आहे. वयाच्या 22 व्या वर्षी भरती झालेल्या शिपायाची 25 वर्षे 47 व्या वर्षी भरतात, आणि हा नियम लावला तर त्या दिवशी नोकरी सोडणाऱ्याला पुढची 11 वर्षे, म्हणजे नेमकी मुलांच्या शिक्षणाची आणि लग्नकार्याची वर्षे, दरमहाच्या निवृत्तिवेतनाविना काढावी लागतील. राजीनामा दिला किंवा बडतर्फी झाली तर या योजनेची हमी मुळीच मिळत नाही. म्हणून निवड केलेल्या योजनेच्या शासन निर्णयात स्वेच्छानिवृत्तीचे कलम काय म्हणते, हे शब्दशः वाचल्याखेरीज कोणीही अर्ज करू नये. फिर्यादीतला एकेक शब्द तपासून घेणारा हवालदार सही-शिक्का नसलेल्या मोबाइल संदेशावर विसंबून तीस वर्षांच्या सेवेचा निकाल लावतो, हे पाहून खेद होतो. बंदोबस्तात सण घालवून, रात्रपाळ्यांनी प्रकृती झिजवून मिळविलेला हा हक्क आहे. तो घाईने सोडून देण्याचा अधिकार त्याला त्याच्या घरच्यांनी दिलेला नाही.

मंत्र्यांचे भाषण म्हणजे आश्वासन, मंत्रिमंडळाची मान्यता म्हणजे धोरण, आणि पैसे मिळतात ते शासन निर्णयामुळे. त्यावर संगणक सांकेतांक असतो आणि तो शासनाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. न्यायालयीन निकालांचेही तसेच आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांना जुनी योजना लागू होते, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने 11 जानेवारी 2023 रोजी दिला, तेव्हा महाराष्ट्रातील जवानांच्या घरीही पेढे वाटले गेले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. आठव्या वेतन आयोगातून वाढ अपेक्षित असली, तरी अपेक्षेवर कर्ज काढू नये.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. नामनिर्देशनात पत्नीचे नाव आधारपत्रावर असेल तसेच असावे. सेवापुस्तकातील खंड सेवेत असतानाच नियमित करून घ्यावेत. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीच्या जाहिरातीवरून नंतर नेमणूक मिळालेल्यांसाठी राज्याने 2024 मध्ये जुन्या योजनेचा विकल्प दिला होता. तो निवडलेल्यांनी त्याची पोच जपून ठेवावी.

आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून तयार असेल, तर तो सादर करण्यापूर्वी आपल्या घटकाच्या लेखा शाखेकडे लेखी विचारणा करावी : निवृत्तिवेतन कोणत्या तारखेपासून सुरू होईल आणि ते किती असेल. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळेपर्यंत त्या अर्जावर सही करू नये.