परंड्याची माती आणि सफरचंद

कडाक्याच्या थंडीवाचून सफरचंद नाही, ही समजूत हिमाचल प्रदेशातील बिलासपूरच्या हरिमन शर्मा यांच्या ‘एचआरएमएन-९९’ या वाणाने आणि इस्राएलात निपजलेल्या ‘अ‍ॅना’ने बरीच शिथिल केली आहे, परंतु हवेचा प्रश्न सुटला म्हणजे परंड्यात जमिनीचाही सुटला असे नव्हे.

इ. स. १६०० च्या सुमारास परंड्याच्या किल्ल्यात ज्या मलिक अंबराने निजामशाहीची गादी पुन्हा मांडली, त्यानेच पुढे जमिनीची प्रतवारी पाहून धारा ठरविला. महसुली नजरेला भारी काळी जमीन अव्वल वाटते, आणि ज्वारीपुरते ते रास्तही आहे, कारण ती रब्बीभर ओल धरते. सफरचंदाला मात्र हाच गुण बाधतो. पावसात फुगलेल्या त्या चिकणमातीत हवा खेळत नाही, मुळे गुदमरून कुजतात, आणि उन्हाळ्यात जमीन भेगाळली की तंतुमुळे तुटतात. उताराची, खाली मोकळा मुरूम असलेली मध्यम जमीन मला येथे अधिक भरवशाची वाटते.

याहून कठीण अडसर चुनखडीचा आहे. अल्प पर्जन्यामुळे चुना वाहून न जाता खालच्या थरात पांढऱ्या खड्यांच्या रूपाने साचतो, सामू आठाच्या आसपास जातो, आणि सहा ते सात सामू मानवणाऱ्या या झाडाला जमिनीत लोह असूनही ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. गंधकाने हा दोष जाईल असे कोणी सांगितल्यास हिशेब करावा: एकरभर जमिनीच्या फूटभर थरात अवघा १ टक्का चुना असला, तरी तो १५ टनांहून अधिक भरतो व त्याच्या निवारणास सुमारे ५ टन गंधक लागते.

म्हणून रोपांची इसार रक्कम देण्यापूर्वी शिवारात मीटरभर खोल खड्डा घ्यावा. वरच्या ३० सेंटिमीटरांची, ३० ते ६० ची आणि ६० ते ९० ची माती निरनिराळ्या पिशव्यांत भरून मृद्-परीक्षण प्रयोगशाळेत पाठवावी, आणि सामू व क्षारांबरोबर मुक्त चुन्याचे प्रमाणही आवर्जून मागावे. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा नमुनाही सोबत द्यावा, कारण जड पाणी चांगल्या मातीतही वर्षानुवर्षे चुना भरीत राहते. खड्डा पाण्याने भरून ठेवावा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच उभे असेल, तर निचरा नाही हे निश्चित समजावे. दुसऱ्याच थरात पांढरे खडे लागले, तर त्या तुकड्यात सफरचंदाचा आग्रह न धरता बोर किंवा सीताफळ लावावे.