वर्षाला दोन स्पर्धा : हिसाको हिगुची यांची गोष्ट



खारघरच्या सेंट्रल पार्कजवळ सिडकोचं गोल्फचं मैदान आहे. आपल्यापैकी कितीतरी जणींनी ते रिक्षातून जाता-येता पाहिलंय. आत गेलेल्या मात्र थोड्याच, आणि गेल्या त्याही बहुतेक कामानिमित्त. म्हणून आज मुद्दाम याच खेळाविषयी बोलणार आहे. नियम एका वाक्यात सांगते. काठीने चेंडू मारत मारत तो लांबच्या खळग्यात घालायचा, असे अठरा खळगे, आणि जिला सगळ्यात कमी फटके लागले ती जिंकली. बाकी सगळं चालणं. ते काही आपल्याला नवीन नाही.

मी सांगणार आहे हिसाको हिगुची या जपानी बाईंची गोष्ट. त्यांचा जन्म १९४५ चा, टोकियोजवळच्या कावागोए गावातला. हे गाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. शाळेत असताना त्या अडथळ्यांच्या शर्यतीत धावायच्या. त्यांची थोरली बहीण एका गोल्फ मैदानावर नोकरीला होती. तिच्याकडे जाता-येता त्यांची गाठ तोराकिची नाकामुरा या नामवंत खेळाडूशी पडली. १९५७ मध्ये कावागोएच्याच कासुमिगासेकी क्लबच्या मैदानावर कॅनडा कप ही जागतिक स्पर्धा झाली होती, ती याच नाकामुरांनी जपानला जिंकून दिली. त्यानंतर तिथे घराघरात गोल्फचं नाव पोहोचलं. शाळा संपल्यावर हिगुचीबाई नाकामुरांच्या हाताखाली दुसऱ्या एका क्लबात नोकरीला लागल्या. काम सांभाळून सराव सुरू झाला.

त्या काळी जपानमध्ये पैसे मिळवून गोल्फ खेळणारी बाई हा प्रकारच नव्हता. मैदानावर बायका होत्या, पण त्या खेळणाऱ्याची पिशवी वाहणाऱ्या, म्हणजे कॅडी. १९६७ मध्ये बायकांसाठी पहिल्यांदा व्यावसायिक खेळाडूची परीक्षा झाली. पास झालेल्यांत क्लबात नोकरी करणाऱ्या आणि कॅडीचं काम करणाऱ्या बऱ्याच जणी होत्या, हिगुचीबाईही त्यांतल्याच. परीक्षा झाली, पण खेळायचं कुठे? १९६८ मध्ये अख्ख्या वर्षात बायकांच्या स्पर्धा झाल्या दोन. त्या दोन्ही हिगुचीबाईंनी जिंकल्या. बायकांची व्यावसायिक अजिंक्यपद स्पर्धा तर त्यांनी सलग सात वर्षं सोडली नाही.

त्यांच्या फटक्याची एक गंमत आहे. पुस्तकात सांगतात, मारताना शरीर इकडेतिकडे सरकू द्यायचं नाही. या बाई आधी सगळ्या अंगाने उजवीकडे झुकायच्या आणि मग डावीकडे झोकून द्यायच्या. पाहणाऱ्याला वाटावं, हे चुकतंय. पण नाकामुरांनी ते मोडलं नाही, तेच पक्कं करून घेतलं. आपल्याकडे शिवणाच्या वर्गात एखादी बाई कात्री वेगळी धरते, कापते मात्र सरळ. तसंच हे.

मग त्या अमेरिकेत खेळायला जाऊ लागल्या. १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये युरोपियन ओपन जिंकली. १९७७ मध्ये अमेरिकेत एलपीजीए चॅम्पियनशिप जिंकली, तीही तीन फटके राखून. ही गोल्फमधल्या सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक. तोवर अशी स्पर्धा आशियातल्या कुणीच जिंकली नव्हती, बाई नाही, पुरुषही नाही. जपानच्या पुरुषाला ते जमायला २०२१ साल उजाडावं लागलं. हिगुचीबाई पुढे आई झाल्या आणि त्यानंतरही स्पर्धा जिंकल्या. जपानमधली त्यांची एकूण अजिंक्यपदं ६९.

मला स्वतःला मात्र या कपांपेक्षा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीला या बायका पुरुषांच्या संघटनेतला एक विभाग म्हणून होत्या. १९७४ मध्ये त्यांनी स्वतःची संघटना वेगळी केली. पहिले अध्यक्ष पुरुषच, ते म्हणजे नाकामुरा. वस्तीस्तर संघ उभा करताना आपल्यालाही सुरुवातीला कुणाचा तरी हात धरावा लागतोच, त्यात कमीपणा नाही. प्रश्न असतो, वही आपल्या हातात कधी येते. १९९७ मध्ये हिगुचीबाई अध्यक्ष झाल्या आणि चौदाएक वर्षं ते काम केलं. म्हणजे प्रायोजक शोधायचे, मैदानं मिळवायची, नव्या मुलींना उभं करायचं. फोटोत न दिसणारं काम. आज तिथे बायकांच्या वर्षाला तीसहून जास्त स्पर्धा होतात. २०१९ मध्ये हिनाको शिबुनो या वीस वर्षांच्या मुलीने ब्रिटिश ओपन जिंकली. तशी मोठी स्पर्धा जिंकणारी ती जपानची दुसरीच. मध्ये बेचाळीस वर्षं गेली होती.

आता कावागोए. २०२० च्या टोकियो ऑलिंपिकसाठी त्याच कासुमिगासेकी क्लबचं मैदान ठरलं. तेव्हा जगाला कळलं की तिथे बाईला पूर्ण सदस्य होता येत नाही, आणि काही रविवारी तिला खेळायलाही मनाई आहे! ज्या गावाने देशाला पहिली विजेती दिली, तिथली ही गोष्ट. टोकियोच्या राज्यपाल युरिको कोइके यांनी नाराजी बोलून दाखवली, ऑलिंपिक समितीने दबाव आणला, आणि मार्च २०१७ मध्ये क्लबने नियम बदलला. हिगुचीबाईंच्या विजयाला तेव्हा चाळीस वर्षं होत आली होती.

ऑलिंपिक झालं २०२१ मध्ये. पुरुषांमध्ये आपल्या पुण्याचा उदयन माने त्या मैदानावर खेळला. बायकांमध्ये जपानच्या मोने इनामीने रौप्य मिळवलं. आणि बेंगळुरूची अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. तिची पिशवी खांद्यावर घेऊन चारही दिवस चालत होती ती तिची आई.